उतारावरची बडबड

—ते सगळं खरं, पण पुडी कुठाय? जुन्या सामानाची पुडी रे. रेडिएटरचं झाकण नवं बसवलंस, वरचा होस पाइप नवा, क्लिपा नव्या, आणि ती आतली झडप—थर्मोस्टॅट—तीही बदललीस म्हणतोस ना, मग जुनं सगळं गेलं कुठं? विल्मार, माझ्याकडं बघ जरा. तुझा मामा हे गॅरेज चालवायचा तेव्हापासूनची रीत आहे, काढलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा—घ्या बाई, हा जुना, म्हणजे नवा खरंच बसवला याची खात्री. या डोंगरातला कुठलाही मिस्त्री असंच करतो. आणि तू आज खुशाल सांगतोस, टाकून दिलं. टाकून दिलं म्हणजे कुठं? त्या पिंपात? मी बघते. नाही नाही, तू नको उठूस, तू तुझी क्लिप आवळ, मी हात घालून बघते, मला काय ग्रीसची लाज आहे का.

कशाला हवंय? कशाला म्हणजे—लागतं. घरात लागतं. झाकणाचं रबर माझ्या बरणीला बसतं. पाइपाचे तुकडे कापून मी कोंबड्यांच्या दाराला लावते, बिजागरी म्हणून. हसतोस काय? आणि ती झडप पितळेची असते, पितळ कोणी टाकतं का? बरं, नाही पटत तर नको पटू दे. आमच्या जीपमधून निघालं ते आमचं, एवढं तरी पटतंय ना? मग दे. उगाच वाद नको, आमचा म्हातारा यायच्या आत दे आणि मोकळा हो... काय? कोण म्हणालं?

गिल्दार्दो म्हणाला? माझा नवरा गिल्दार्दो? काय म्हणाला, शब्दन् शब्द सांग. ‘ओलिवाच्या हातात देऊ नकोस, नदीत टाक.’ असं म्हणाला? हसत म्हणाला का? हसत नाही... अरे देवा. थांब, मला बसू दे. या टायरावर बसते, चालेल ना? पाणी नको. काही नको. तू फक्त दारातून बघ, तो अजून न्हाव्याकडंच आहे ना? साबण लावलाय तोंडाला? मग आहे थोडा वेळ. उद्या ड्रायव्हरांच्या कारमेनमातेचा सण ना, म्हणून दाढी गुळगुळीत करून घेतोय. विल्मार, त्याला कळलंय रे. इतके दिवस मला वाटत होतं त्याला काही कळत नाही, आणि त्याला सगळं कळलंय.

काय कळलंय म्हणजे? काही नाही. तू तुझं काम कर. ...नको, थांब, काम नको करूस, तेच तर सांगायचंय, काम नको करूस. हे बघ, तुला कधी प्रश्न नाही पडला? ईस्टरला तू झाकण बदललंस, मेमध्ये पुन्हा गाडी उकळली. तू झडप बदललीस, पुन्हा उकळली. तू डोकं खाजवत म्हणालास, काकू, नवी झडप अशी कशी चिकटली, आणि काढून बघतोस तर ती जुनीपानी, पांढरा क्षार चढलेली. तुला वाटलं दुकानदारानं फसवलं, जुना माल पॉलिश करून दिला. त्या बिचाऱ्याशी भांडलास तू, माझ्या कानावर आलंय. अरे, त्यानं नाही फसवलं. त्यानं चांगलंच दिलं होतं. तू पण चांगलंच बसवलं होतंस. मी काढलं. मी, मी—असा काय बघतोस? नवं काढून जुनं परत बसवलं. तू मला पुडी द्यायचास आणि मी घरी जाऊन तेच परत घालायचे.

कशी काय म्हणजे? एवढी वर्षं तुझ्या शेजारी स्टुलावर बसून कॉफी पितेय, डोळे मिटून पीत होते का? दोन बोल्ट, एक कागदाचं पॅकिंग, आत ती झडप. जेवण झालं की तो रेडिओ लावून आडवा होतो, मॅच असली की मग बघायलाच नको, घर पडलं तरी उठत नाही. तेवढ्यात माझं होतं. पहिल्यांदा पाणी अंगावर सांडलं, पायावर फोड आला, त्याला सांगितलं सूप सांडलं. झडप उघडते की नाही हे पण मी बघते, तुझ्यासारखंच, उकळत्या पाण्यात सोडून. जी उघडत नाही ती घालायची. तिच्यासारखी दुसरी नाही, हट्टीच आहे, चढाला लागलं की इंजिन तापतं आणि ती तोंड मिटून बसते. इकडं सगळे ती झडप काढूनच फेकतात ना? आपल्याकडं कशाला हवी, गरम मुलूख, पाणी आपलं मोकळं फिरू दे. तू पण तेच म्हणाला होतास. नशीब माझं, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही—कंपनीनं घातलीय तर काहीतरी विचार करून घातली असेल म्हणाला. त्याच्या हट्टीपणानंच मला हत्यार दिलं.

तुझं नाव खराब झालं, माहितीय मला. किराणा दुकानात बसून तो सगळ्यांना सांगतो, विल्मारच्या हाताला काही टिकत नाही. मी तिथंच उभी असते, कांदे निवडत. तू मला शिव्या घाल, खुशाल घाल, पण आधी ऐक.

त्याला दिसत नाही, विल्मार.

नाही, तसं नाही, चष्म्याचं नाही. दिसत नाही म्हणजे दिसत नाही. उजेड कळतो. माणूस उभा आहे एवढं कळतं, खांब की माणूस ते नाही कळत. बाजूबाजूचं थोडं दिसतं, समोरचं गेलंय. समोरचंच गेलंय रे! दोन वर्षं होतील, जास्तच. लायसन? लायसन आहे ना, गेल्या वर्षीच नवं करून आणलं. त्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता आम्ही तरुण होतो तेव्हापासून तोच आहे, माझा आधी नंबर लागला, मी मोठ्यानं वाचलं, त्यानं ऐकून पाठ केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात काय नजर आहे!

आणि माणसं भरून गाडी कोण चालवतं? तोच चालवतो. हात त्याचे, पाय त्याचे, आणि तोंड माझं. तुला माहितीय ना सगळा गाव काय म्हणतो? ओलिवाची टकळी. मेली तरी बोलत राहील. आमच्या एल गुआदुआल गावापासून खिंडीपर्यंत आणि खिंडीपासून इथपर्यंत बाईची जीभ टाळ्याला लागत नाही. मागं उभे असलेले लोक कंटाळतात, पोरं माझी नक्कल करतात. पण मी काय बोलते ते कधी नीट ऐकलंस का? ‘अगंबाई, ओव्हिदिओच्या पेरूला किती पेरू लागलेत’—म्हणजे पेरूचं झाड आलं, डावीकडं वळ. ‘या मोरीत किती पाणी साठलंय’—म्हणजे सावकाश, नाल्यावरची मोरी आली. ‘ती बघा सिस्टर निघाल्या छत्री घेऊन’—म्हणजे समोर माणूस आहे, उजवीकडं. काही नसलं तर मी भावाबद्दल बोलते, केळ्यांच्या, कॉफीच्या, म्हणजे रस्ता मोकळा. आम्ही असं ठरवलं नव्हतं बरं का. कधीच ठरवलं नाही. एक दिवस तो मोरीवरून जवळजवळ खाली जात होता, मी किंचाळले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यानं विचारलं नाही का बसलीस. मी सांगितलं नाही. अजून नाही सांगितलं. तो म्हणतो, गप बस ना बाई, डोकं उठवलंस, आणि मी जरा थांबले की लगेच गाडी हळू करतो.

तुला वाटत असेल, चाललंय ना मग. मलाही वाटायचं. ईस्टरच्या थोडं आधी, बाजाराचा दिवस होता, गाडी भरलेली, मागं फळीवर माणसं, टपावर केळीचे घड, आत शाळेची पोरं. मला सकाळपासून खायला वेळ झाला नव्हता. खिंड ओलांडली, उताराला लागलो आणि कुणीतरी मागून मक्याचा गरम आरेपा दिला. मी घास घेतला. बास, एवढंच. तोंडात घास होता आणि एक वळण—एकच वळण—मी बोलले नाही. अरे, पुढचं चाक रस्त्याबाहेर गेलं. मला खाली झाडांचे शेंडे दिसले, विल्मार, शेंडे, वरून! घास घशात, आवाज फुटेना, मी त्याच्या मांडीवर मूठ मारली, त्यानं स्टिअरिंग ओढलं, गाडी परत आत आली. मागच्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. ती युलियानाची मुलगी आहे ना, पुढचे दात पडलेत ती, ती टाळ्या वाजवत ओरडली, परत, आजोबा, परत एकदा! आणि तो हसला. मोठ्यानं हसला. त्याच्या हातावर घाम होता, स्टिअरिंग ओलं झालं होतं. तो दिवस गेला आणि माझी झोप गेली.

म्हणून उकळवते मी. आता समजलं? चढाला गाडी तापते, खिंडीतल्या देवळाशी वाफ सोडून उभी राहते, लोक शिव्या देत उतरतात, दुसऱ्या जीपनं जातात. मग ती थंड होते, आम्ही पाणी घालतो आणि दोघंच सावकाश उतरतो. दोघंच पडलो तर पडलो. पण ती पोरं नकोत रे. ती पोरं माझ्या तोंडावर अवलंबून, आणि माझं तोंड म्हाताऱ्या बाईचं, खोकला येतो, शिंक येते, नाव आठवत नाही कुणाचं. काल एका वळणाला मला ‘चिंच’ शब्दच आठवेना!

त्याला सांगू? तू सांगशील? सांगून काय होईल ते मला माहितीय. तो चावी काढून टेबलावर ठेवेल, ओट्यावर खुर्चीत बसेल आणि भिंतीकडं बघत राहील. जेवण पुढं केलं तर जेवेल, नाही केलं तर मागणार नाही. त्याला सगळे ओळखतात ते गाडीवरून, गाडी नसली तर तो कोण? मला वाटायचं गाडीनंच हळूहळू नको म्हणावं. म्हातारी गाडी, रोज उकळते, एक दिवस तोच कंटाळून म्हणेल, जाऊ दे ओलिवा, विकून टाकू हिला. त्याच्या तोंडून यावं. माझ्या नको. पण तो कंटाळतच नाही! दर वेळी तुझ्याकडं घेऊन येतो. आणि बोटं—त्याची बोटं आहेत ना, विल्मार, ती सगळं बघतात. परवा बॉनेट उघडून उभा होता, झाकणावरून बोट फिरवलं, कडेची चीर लागली असणार, थांबला. पाइप दाबून बघितला, कडक, जुना. मी पाठीमागं बादली घेऊन उभी. मला वाटलं आता वळेल आणि विचारेल. तो ‘हं’ म्हणाला. एवढंच. ‘हं.’ आणि झाकण घट्ट फिरवलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. तो काही बोलला नाही कारण बोलला असता तर मला सगळं बोलावं लागलं असतं.

आणि आज तुला सांगतोय, पुडी देऊ नकोस. म्हणजे उद्या त्याला जायचंच आहे. काहीही झालं तरी जायचं आहे.

उद्याचं तुला वेगळं काय सांगू, तू स्वतःच फुगे बांधणार आहेस. या वर्षी मिरवणुकीच्या पुढं सगळ्यात जुना ड्रायव्हर, फादरनी देवळात जाहीर केलं, लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, तो टोपी छातीशी धरून उभा होता. मी लग्नातसुद्धा त्याला असा बघितला नव्हता. आमच्या गावातून पोरांना घ्यायचं, मागं देवदूत म्हणून उभं करायचं, पांढरे झगे, कागदाचे पंख, युलियानाची ती मुलगी पण आहेच. चढून खिंडीत देवळाशी जायचं, मातेची मूर्ती गाडीत बसवायची आणि खाली यायचं. मातेला कुठं बसवतात? पुढं. ड्रायव्हरच्या शेजारी. माझ्या जागेवर, विल्मार! तिला दोरीनं बांधतील, फुलं घालतील, आणि मी मागून पायी, बायकांच्या रांगेत, हातात मेणबत्ती. बरं, मागून ओरडले असते, पण ऐकू जाईल का? सगळ्या जीपा, सगळे ट्रक, एकजात हॉर्न दाबून खाली येणार, वर फटाके. ती माता बोलणार आहे का त्याला, पेरूचं झाड आलं, डावीकडं घे? मी रोज तिच्यापुढं मेणबत्ती लावते, तिला नावं ठेवत नाही, पण ती बोलायची नाही. मला रात्रभर तेच दिसतं, पांढरे पंख आणि खालचे झाडांचे शेंडे. मला भीती वाटते रे. इतकी भीती मला बाळंतपणात नाही वाटली, त्या वर्षी डोंगर खचला तेव्हा नाही वाटली.

म्हणून हातापाया पडते, ती झडप काढ आणि जुनी घाल. नदीत टाकली नाहीस अजून, मला माहितीय, नदीपर्यंत जायचा आळस आहे तुला. ती बघ, त्या डब्याखाली कागद दिसतोय. घाल आणि गप्प बस. उद्या सकाळी चढावर पोरांसकट उकळेल, खिंडीत उभी राहील, फादर म्हणतील अरेरे, दुसऱ्या कुणाची तरी जीप पुढं होईल. तुझं नाव जाईल, आणखी एकदा जाईल. मी नंतर सगळ्यांना सांगेन, शपथ, देवळात उभी राहून सांगेन. फक्त उद्याचा दिवस जाऊ दे.

नाही? का नाही? ...तुला खोटं वाटतंय. तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय ना. म्हातारी पिसाळलीय, नवऱ्याचा मान बघवत नाही हिला. सकाळी तो तुला म्हणाला, काय विल्मार, आज पिवळा शर्ट, पोरगी बघायला चाललास का? म्हणून तुला वाटतं त्याला दिसतं. अरे, त्या कोपऱ्यावर मीच म्हणाले होते, बघा तरी, विल्मार पिवळ्या शर्टात कसा कॅनरीसारखा दिसतोय. तो तुला नाव घेऊन हाक मारतो कारण तू शीळ घालतोस. तुझ्या गॅरेजात सरळ चालत येतो कारण लहानपणापासून येतोय. तू काही मुद्दाम बघितलं नाहीस, कुणीच बघत नाही, मी बडबडते आणि सगळे माझ्याकडं बघून वैतागतात.

बरं. मग असं कर. उठला का तो? उठलाय, टॉवेल झटकतोय न्हावी. आता बघ. नाही, झडप राहू दे, पाना खाली ठेव. ठेव म्हणते ना! हे बॉनेट तू आज काढून दाराच्या आत आडवं टाकलंयस, अगदी चालायच्या वाटेत. रोज इथं नसतं. त्याला माहिती नाही. तू इकडं ये, इथं उभा राहा, दोन्ही हात मोकळे ठेव. पडायला लागला तर धर, म्हातारी हाडं आहेत, कडेला धार आहे त्या पत्र्याला. पण हाक मारू नकोस. शीळ नको. काहीच नको.

निघाला. किती ताठ चालतोय बघ, टोपी तिरकी, गाल चकचकीत. सगळे नमस्कार करतायत. डावा हात बघ, भिंतीला लागत नाहीये असं वाटतं ना? नखं लागतायत, नीट बघ. ती औषधाच्या दुकानाची पायरी—उतरला, ती पाठ आहे. आता तुझ्या दारात येऊन तो थांबेल आणि खाकरेल. ते खाकरणं माझ्यासाठी असतं. मग मी म्हणते, काय पसारा मांडलाय या पोरानं, बॉनेट अगदी पायात टाकलंय, आणि तो टुणकन पाय उचलून आत येतो आणि तुला दोन शिव्या घालतो. एवढं आयुष्य मी त्याच्याबरोबर काढलं, त्याला कुणापुढं खाली बघायला लावलं नाही. आज लावते. तुझे डोळे धड आहेत ना, मग बघ, आणि बघून झाल्यावर तुला जे बसवायचं ते बसव. मला बघवणार नाही, मी भिंतीकडं तोंड करते. हात दाबून धरते तोंडावर, नाहीतर बोलेन मी, मला माहितीय, बोलेन.

सावली आली दारात. थांबला.

खाकरला.